आकाशांतील घरास पाटी हवी

आमच्या बोरीसारख्या गांवांत दारावर नांवाची पाटी लावण्याची चाल पूर्वीं नव्हती. पाहुणा परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या मोटारींतून उतरला, कीं पहिल्या भेटलेल्या माणसास घर विचारी, आणि तो माणूस त्यास थेट ओसरीपर्यंत आणून सोडी. पाटी ही शहरांतली वस्तु. जेथें शेजारी शेजाऱ्यास ओळखीत नाहीं, तेथें तिचें काम. ह्या महिन्यांत वाचकांपुढें जो विषय मांडावयाचा आहे तो अशाच एका पाटीचा आहे. मात्र ही पाटी दारावर नव्हे, तर आकाशांत लावावयाची आहे. आणि ती नसल्यामुळें काय होतें, ह्याचा अनुभव आमच्याच घरानें घेतला आहे.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवास हौशी बिनतारीचा नाद आहे. ज्यांस ही कला परिचयाची नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, बारा वर्षांवरील भारतीय नागरिकास स्वतःचें बिनतारी केंद्र चालविण्याचा परवाना मिळूं शकतो. परवान्याबरोबर एक संकेतनाम मिळतें. आपल्या देशांतील अशा नांवांचा आरंभ बहुधा 'व्हीयू' असा होतो. ह्या केंद्रावरून व्यापार करावयाचा नाहीं, मोबदला घ्यावयाचा नाहीं, आणि गुप्त लिपींत कांहीं धाडावयाचें नाहीं. विद्येचा अभ्यास, परस्परांशीं स्नेह आणि संकटसमयीं सेवा, एवढाच त्याचा उद्देश. जगभर ह्या मंडळींस 'हॅम' म्हणतात. नांव विचित्र आहे. काम मात्र सात्त्विक आहे.

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत मराठवाड्यावर जी अतिवृष्टि झाली ती वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या दिवसांत आमच्याकडील वीज गेली आणि पाठोपाठ घरांतले सगळे फोन मुके झाले. आमची धाकटी भगिनी पूर्णेच्या कांठच्या एका खेड्यांत दिली आहे. नदीचें पाणी चढत असल्याची वार्ता तिच्या शेवटच्या फोनांत आली होती. त्यानंतर दीड दिवस तिकडील कांहींच कळेना. मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं देवापुढें समई लावली आणि अन्न वर्ज्य केलें. अशा वेळीं आमचा पुतण्या मोटारच्या बॅटरीवर आपलें यंत्र चालवून बसला होता. गच्चीवरची तार शाबूत होती. सात मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सुमारें चाळीस मीटर लांबीच्या लहरींवर, तो दिवसभर हाक घालीत होता. ह्या लहरी दिवसा वरच्या आकाशांतील विद्युन्मय थरावरून खालीं परततात, आणि तार फार उंच नसेल तर शंभर-दोनशें मैलांच्या टापूंत सर्वत्र उतरतात. डोंगर त्यांच्या आड येत नाहीं, कीं पूरहि येत नाहीं. जेथें फोन चालूं आहे अशा ठिकाणीं ऐकणारा एक माणूस भेटला असता, तर त्यानें तिकडल्या तहसील कचेरींत विचारपूस करून उत्तर कळविलें असतें. परंतु सायंकाळीं पुतण्या जिना उतरून आला आणि म्हणाला, "काका, आकाशांत कोणी नाहीं."

तिसऱ्या दिवशीं रस्ता मोकळा झाला. भगिनी व तिच्या घरचीं माणसें गांवच्या शाळेंत सुखरूप होतीं. मातोश्रींनीं उपवास सोडला. गोष्ट येथेंच संपली असती तर आम्ही ती लिहिलीहि नसती. पण पंधरा दिवसांनीं पुतण्यास कळलें, कीं त्याच तीन दिवसांत नांदेडकडील एक गृहस्थ आपलें केंद्र अहोरात्र उघडें ठेवून बसले होते. लहरी त्याच, चाळीस मीटरच्या. त्यांचा फोनहि चालूं होता. आणि त्यांनीं आपल्या वहींत नोंद करून ठेविली होती, कीं परभणीकडून कोणाचीच हाक आली नाहीं! त्यांचें केंद्र टपालपेटीसारखें होतें. विशिष्ट रीतीनें धाडलेलें पत्र तेवढें तें स्वीकारी. आमचा पुतण्या दुसऱ्याच रीतीनें संभाषण टंकून धाडीत होता. एक मोडी लिहीत होता, दुसरा बाळबोध वाचावयास बसला होता. दोघेहि जागे, दोघांचींहि यंत्रें धड, दोघांचाहि हेतु चांगला. उणीव एवढीच, कीं आपली वारंवारता, रीति व वेळ त्या गृहस्थांनीं कोठेंच जाहीर केली नव्हती, आणि आमच्या पुतण्यानेंहि केली नव्हती.

वाचक म्हणतील, यंत्र हातीं असतां कळ फिरवून शोध घेतां येऊं नये काय? तोंडी बोलणाऱ्या केंद्रांच्या बाबतींत तें खरें आहे. कळ फिरवितां फिरवितां मनुष्याचा शब्द कानीं पडतो, तो आपलें नांव सांगतो, आणि ओळख होते. परंतु अलीकडे हौशी मंडळींचा बराच व्यवहार अंकीय, म्हणजे सामान्य भाषेंत डिजिटल, झाला आहे. संगणक अक्षरांचे स्वर बनवितो, यंत्र ते स्वर धाडतें, आणि पलीकडचा संगणक त्या स्वरांचीं पुन्हां अक्षरें करितो. मधल्या मनुष्याच्या कानास मात्र रातकिड्याची किरकिर किंवा लांबलेली शीळ एवढेंच ऐकूं येतें. शिवाय रीतीहि अनेक. इंग्लंडांतील पीटर मार्टिनेझ यांनीं १९९८ च्या सुमारास प्रचारांत आणिलेली 'पीएसके ३१' ही टंकून संभाषण करण्याची रीति. २०१७ मध्यें जोसेफ टेलर व स्टीव्ह फ्रँकी यांनीं काढलेली 'एफटी ८' ही अत्यंत क्षीण हाक ओळखण्याची रीति. हे टेलर म्हणजे १९९३ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकीं एक. एका जोडताऱ्यांतील स्पंदकाच्या शोधाबद्दल त्यांचा हा गौरव झाला. आपल्या जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या ज्या जातीच्या ताऱ्यांचे क्षीण स्पंद टिपतात, तसेच स्पंद ऐकण्यांत त्यांचें आयुष्य गेलें, आणि क्षीण नाद ओळखण्याची विद्या त्यांनीं हौशी मंडळींच्याहि हातीं दिली. 'एफटी ८' मध्यें पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात. एका संदेशास पन्नास हर्ट्झ इतकीच जागा पुरते. आणि कानास जेथें केवळ खरखर ऐकूं येते तेथून संगणक नांव वेंचून काढतो.

परंतु ह्या सूक्ष्म श्रवणास एक अट आहे. ऐकणाऱ्याचा संगणक त्याच रीतीवर, त्याच वारंवारतेवर व त्याच वेळीं लागलेला असला पाहिजे. तिहींतील एक चुकलें, कीं शेजारच्या तालुक्यांतील केंद्र मंगळावर असल्यासारखेंच होतें. म्हणून आमचें म्हणणें असें, कीं अंकीय केंद्र जितकें निपुण, तितकी त्यास पाटीची गरज अधिक.

पाटी लाविली असतां काय घडतें, ह्याचेंहि उदाहरण आपल्या देशांतच आहे. २००४ च्या डिसेंबरांत हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद ह्या आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. त्या बेटांवरून हौशी केंद्र चालविण्यास बऱ्याच वर्षांनीं अनुमति मिळाली होती, त्यामुळें जगांतील हॅम मंडळी त्यांच्या हाकेकडे कान लावून बसली होती. केंद्राचें नांव सर्वांस ठाऊक, लहरी ठाऊक. २६ डिसेंबर रोजीं समुद्र खवळून आला आणि बेटांचे दळणवळण तुटलें. तेव्हां ह्या केंद्राचा शोध कोणासच घ्यावा लागला नाहीं. तें कोठें आहे हें जग आधींच जाणत होतें. तेथून दिवसचे दिवस कुशलवार्ता मुख्य भूमीवरील कुटुंबांकडे गेल्या. ज्या घरांनीं त्या वार्तांची वाट पाहिली असेल, त्यांची अवस्था आता आम्हांस सांगावी लागत नाहीं. भारती प्रसाद यांचें धैर्य व कौशल्य मोठें खरेंच. परंतु त्यांच्या दारावर आधींपासून पाटी होती, हेंहि विसरूं नये.

पाटी लावण्यास कित्येकजण नाखूष असतात. त्यांची पहिली हरकत अशी, कीं घर कोठें आहे, घरांत कोणतीं यंत्रें आहेत, हें चार लोकांस कां सांगावें? चोराचें भय, उपद्रवी माणसांचें भय. ही हरकत आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. एकत्र कुटुंबांत स्त्रिया व मुलें असतात, जपून वागणें हें घरच्या वडील माणसाचें कर्तव्यच आहे. परंतु काय सांगावें व काय राखून ठेवावें ह्याचा विवेक करतां येतो, आणि तो आपल्याच इतिहासानें शिकविला आहे. १९४२ च्या ऑगस्टांत 'चले जाव'ची हाक उठल्यावर मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांची शोधगाडी मागावर असे, म्हणून तें केंद्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत असत. नोव्हेंबरांत तें पकडलें गेलें, आणि उषाबाईंनीं पुढें १९४६ पर्यंत कारावास भोगला. ह्या केंद्राइतकी लपण्याची गरज दुसऱ्या कोणत्या केंद्रास असेल? तथापि आपण ४२.३४ मीटरवर बोलत आहों, हें तें केंद्रहि उघड सांगत असे. घर लपविलें, लहर लपविली नाहीं. कारण लहर लपविली असती तर ऐकलें कोणी असतें? ती लहर म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर, आमचा पुतण्या ज्या पट्ट्यांत दिवसभर हाक घालीत होता तोच पट्टा. प्राणावर उदार झालेल्या मंडळींनीं जें सांगितलें, तेवढेंहि आजच्या परवानाधारकानें न सांगणें ह्यास सावधगिरि म्हणतां येत नाहीं.

घर न दाखवितां ठिकाण सांगण्याची सोयहि ह्या मंडळींनीं करून ठेविली आहे. १९८० सालीं इंग्लंडांतील मेडनहेड येथें भरलेल्या बैठकींत सर्व पृथ्वीचे चौकोन पाडण्याची एक पद्धति ठरली. दोन रेखांश रुंद व एक अक्षांश उंच असा एकेक चौकोन. त्यास दोन रोमन अक्षरें व दोन अंक. आमची बोरी, परभणी, हिंगोली व नांदेड हीं सर्व 'एमके ८९' ह्या एकाच चौकोनांत येतात. हा चौकोन आमच्या अक्षांशावर सुमारें २१० किलोमीटर रुंद व ११० किलोमीटर उंच आहे. एवढ्या टापूंत आमचें घर शोधण्यास चोरास जन्म पुरावयाचा नाहीं. परंतु "माझ्याच चौकोनांत कोणी जागा आहे" एवढें दुःखांत सांपडलेल्यास कळलें, तर त्यास तेवढा धीर पुष्कळ.

दुसरी हरकत विनयाची. "आमचें केंद्र तें केवढें! पांच वॅटचें यंत्र आणि गच्चीवरची तार. त्याची कसली दवंडी पिटावयाची?" असें कांहीं मंडळी म्हणतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं 'स्वयम्' नांवाचा उपग्रह तयार केला, आणि २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून तो आकाशांत गेला. त्याचें वजन सुमारें एक किलो. एका हौशी केंद्राचा अंकीय संदेश घेऊन दुसऱ्या केंद्रास पोंचविणें, हें काम त्यास नेमून दिलें होतें. एवढीशी वस्तु पृथ्वीभोंवतीं फिरूं लागली. तिची वारंवारता व बोलण्याची रीति पृथ्वीवरील मंडळींस ठाऊक नसती तर तिचा उपयोग शून्य झाला असता. लहान वस्तूसच आपली ओळख मोठ्यानें सांगावी लागते. आणि हा अहंकारहि नव्हे. कुरुक्षेत्रावर पांचजन्य, देवदत्त, पौंड्र, अनंतविजय, सुघोष व मणिपुष्पक असे निरनिराळ्या नांवांचे शंख वाजले. धुळींत रथ दिसेनासे झाले, तरी शंखावरून कोण कोठें आहे तें आपल्या माणसांस कळावयाचें. हौशी केंद्रानें संदेशाबरोबर आपलें संकेतनाम थोड्या थोड्या अवकाशानें धाडलें पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. हा नियम म्हणजे त्या शंखाचीच परंपरा होय.

आतां पाटीवर लिहावें काय, तें सांगतों. संकेतनाम, वारंवारता, रीति, ऐकण्याची वेळ, चौकोन, आणि वीज गेली असतां केंद्र चालतें कीं नाहीं. ह्या सहा गोष्टी एका ओळींत मावतात. ती ओळ यंत्राकडूनच ठराविक वेळानें आकाशांत धाडावी. अमेरिकेच्या नौदल विद्यालयांतील बॉब ब्रुनिंगा यांनीं १९९० नंतरच्या दशकांत 'एपीआरएस' नांवाची अंकीय पद्धति रूढ केली. पुष्कळांनीं ती केवळ धांवणारी मोटार नकाशावर पाहण्यासाठीं वापरली. २०२२ मध्यें निवर्तेपर्यंत हे गृहस्थ सांगत राहिले, कीं आपल्या भागांत कोणतें केंद्र कोणत्या वारंवारतेवर ऐकतें, हें नवागतास आपोआप कळावें हाच तिचा खरा उपयोग. गांवांत आलेल्या पाहुण्यास ओसरीपर्यंत पोंचविणारा तो पहिला भेटलेला माणूस, ह्याहून ही कल्पना निराळी नाहीं.

आंतरजालावरहि केंद्रांचे नकाशे आहेत. कोणाची हाक कोठपर्यंत पोंचली तें त्यांत दिसतें. त्यांत आपलें नांव अवश्य घालावें. परंतु तेवढ्यावर विसंबूं नये. ज्या दिवशीं आम्हांस त्या नकाशाची गरज होती, त्या दिवशीं फोनाबरोबर आंतरजालहि गेलें होतें. आग विझविण्याचें पाणी जळत्या घरांत ठेवून भागत नाहीं. म्हणून आपल्या टापूंतील केंद्रांची यादी कागदावर छापून यंत्राशेजारीं भिंतीस लावावी. तिची एक प्रत गांवच्या शाळेंत, एक तहसील कचेरींत व एक जिल्ह्याच्या आपत्ति व्यवस्थापन कक्षांत द्यावी. दर सहा महिन्यांनीं ती तपासावी. बंद पडलेल्या केंद्राचें नांव काढून टाकावें. उतरलेल्या घराची पाटी तशीच राहिली, तर ती पाटी नसण्याहूनहि वाईट, कारण संकटांतला मनुष्य त्या दारावर धक्के मारीत राहतो.

ज्या घरांत मुलगा, मुलगी, सून वा नातू ह्या विद्येच्या मागें आहे, त्या घरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. गच्चीवर तार बांधली म्हणून रागावूं नका. पण तुझें केंद्र लोकांस सांपडतें कीं नाहीं, हें मात्र अवश्य विचारा. १९९३ च्या ३० सप्टेंबरची किल्लारीची पहांट आमच्या पिढीस विसरतां येत नाहीं, आणि २०२४ मध्यें हिंगोलीकडील धक्क्यांनीं आमचींहि भांडीं वाजलीं. पुढची हाक कोणाच्या घरांतून येईल तें सांगवत नाहीं.

आमच्या घरीं ती यादी आतां भिंतीवर लागली आहे. तींत सध्यां नांवें थोडींच आहेत, त्यांत नांदेडकडील गृहस्थांचें पहिलें. पुतण्यानें त्यांची रीति शिकून घेतली, त्यांनीं ह्याची. दर रविवारीं सकाळीं दोघेहि बॅटरीवर यंत्र लावून एकमेकांस एकेक ओळ धाडतात आणि वहींत नोंद करितात. मातोश्रींस त्यांतील कांहीं कळत नाहीं. तथापि पूजा आटोपली, कीं त्या जिन्याशीं येऊन वर हाक मारतात, "अरे, नांदेडचें उत्तर आलें का?" आणि आलें असें कळल्यावरच चहा घेतात.